बलवान् संगणक मध्येंच कां थांबतो ?

अशक्त माणूस जड ओझ्याखालीं वांकला तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु धट्टाकट्टा पैलवान तेंच ओझें उचलतांना मटकन् खालीं बसला, तर लोक नाना तर्क करूं लागतात. कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी खुराक कमी पडला म्हणतो. नाडी पाहण्याचें मात्र सर्वांच्या शेवटीं सुचतें. बलवान् संगणकाची गोष्ट अशीच आहे. पैनगंगेच्या खोऱ्यांतील आमच्या उमरखेडासारख्या तालुक्याच्या गांवींही आतां लग्नाचे चित्रपट जुळविणारे, बांधावयाच्या घराचें रूप आधींच रंगवून दाखविणारे असे होतकरू तरुण आढळतात. त्यांच्याजवळ वर्कस्टेशन म्हणून जीं यंत्रें असतात, त्यांची किंमत लाखाच्या घरांत जाते, आणि पुष्कळदां ती कर्ज काढूनच उभी केलेली असते. असें यंत्र पत्र लिहितांना किंवा गाणें ऐकवितांना कुरकुर करीत नाहीं. परंतु रात्रभराचें रेंडरिंग लावून धनी निजला कीं पहांटे पडदा काळा दिसतो, आणि सकाळीं गिऱ्हाईक दाराशीं उभें असतें. अशा वेळीं घाईनें केलेला निर्णय महागांत पडतो. निर्दोष भाग बदलला जातो व सदोष भाग तसाच राहतो. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार कसा टाळावा, एवढेंच या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रेंडरिंग म्हणजे काय तें पाहूं. चलच्चित्र ही वस्तुतः स्थिर चित्रांची माळ होय. त्र्यंबकेश्वर येथें जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाचीं चित्रें ठराविक अंतरानें एकएक घेऊन 'अंकुराची वाढ' हा लहानसा चित्रपट केला होता. रोपाला वाढण्यास जे दिवस लागले, ते पडद्यावर क्षणांत सरले. संगणकाचें काम याच जातीचें आहे. भेद इतकाच कीं, येथें प्रत्यक्ष रोप नसतें, त्याचें गणित असतें. दिव्यापासून निघालेला किरण भिंतीवर आपटून खुर्चीवर गेला व तेथून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आला, तर कोणता रंग दिसेल, हा हिशेब चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठीं करावा लागतो. १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच अशा एका चित्रांत वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. सेकंदास २४ चित्रें धरलीं, तर एका मिनिटाच्या देखाव्यास १,४४० चित्रें लागतात. आणि एका चित्रास पांच मिनिटें लागत असलीं, तर हें काम ७,२०० मिनिटांचें, म्हणजे अखंड पांच दिवस व पांच रात्रींचें होतें.

इतकें गणित एका हातानें होणें नाहीं. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ मध्यें 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. एकच अतिवेगवान् प्रोसेसर वापरण्याऐवजीं अनेक प्रोसेसरांना काम वांटून द्यावयाचें, हें त्याचें तत्त्व. आजच्या ग्राफिक्स कार्डांत कामाची अशीच वांटणी फार लहान जागेंत साधलेली आहे. २०२२ मध्यें बाजारांत आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या कार्डांत १६,३८४ गणकघटक असून पूर्ण भारावर तें एकटेंच ४५० वॅटपर्यंत वीज घेतें. नित्याच्या कामांत या घटकांपैकीं बहुतेक बसून असतात. रेंडरिंगच्या वेळीं मात्र कार्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय आणि पंखे हीं सारीं एकदम कामाला जुंपलीं जातात व तासन्‌तास विसांवा घेत नाहींत. बांधाची भेग उन्हाळ्यांत दिसत नाहीं, पुरांत दिसते. त्याचप्रमाणें रेंडरिंग दोष उत्पन्न करतें असें क्वचितच घडतें. बहुधा तें असलेला दोष उघड करतें.

आतां निदानाकडे वळूं. वैद्य जसा औषधापूर्वीं प्रश्न विचारतो, तसे येथें दोन प्रश्न आधीं विचारावे. पहिला प्रश्न : यंत्र कोणत्या रीतीनें थांबलें ? संपूर्ण यंत्र एकाएकीं विझलें किंवा आपोआप पुन्हां सुरू झालें, कीं पडदा काळा होऊन परत आला, कीं केवळ रेंडरिंगचा कार्यक्रम बंद पडला व बाकीचें सर्व चालू राहिलें ? दुसरा प्रश्न : यंत्र कोठें थांबलें ? दर वेळीं त्याच चित्रावर, कीं कधीं चाळिसाव्या तर कधीं नऊशेंव्या ? हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. दोष त्याच ठिकाणीं पुन्हां पुन्हां येत असेल, तर संशय देखाव्यावर, कार्यक्रमावर किंवा ड्रायव्हरवर घ्यावा. तो कोठेंही व केव्हांही येत असेल, तर संशय वीज, उष्णता, रॅम व प्रोसेसर यांकडे वळवावा. हा नियम अगदीं अपवादरहित आहे असें नव्हे; परंतु शोध कोठून आरंभावा हें तो चांगलें सांगतो.

त्याच चित्रावर यंत्र अडत असल्यास कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीचा हिशेब करावा. भिंतीचा किंवा लांकडाचा पोत दाखविण्यासाठीं वापरलेलें, दोन्ही बाजूंनीं ८,१९२ बिंदूंचें एक चित्र, बिंदूस चार बाइट याप्रमाणें, २५६ मेगाबाइट जागा अडवितें. चोवीस गिगाबाइटच्या कार्डांतही अशीं ९६ चित्रेंच मावतील, आणि देखाव्यांतील वस्तूंना मग जागाच उरणार नाहीं. दूरच्या कपाटावरील पितळी मुठीला एवढा मोठा पोत देण्याचें कारण नसतें. पोत लहान केला कीं कित्येक वेळां दुखणें तेथेंच संपतें. पडदा काळा होऊन परत येत असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्यें असा नियम आहे कीं, ग्राफिक्स कार्डानें सामान्यतः दोन सेकंदांत उत्तर दिलें नाहीं, तर तें अडकलें असें समजून त्याचा ड्रायव्हर नव्यानें सुरू केला जातो. कार्ड वास्तविक अडकलेलें नसतें, तें मोठ्या हिशेबांत गुंतलेलें असतें. पण पहारेकऱ्यास तें कळत नाहीं. काम लहान तुकड्यांनीं दिलें, किंवा जाणत्या माणसाकडून ही मुदत वाढवून घेतली, तर असा अडथळा दूर होतो. नुकताच नवा ड्रायव्हर घातला असेल, तर पूर्वींचा घालून पाहणेंही इष्ट होय.

संपूर्ण यंत्र विझत असेल तर प्रथम विजेचा विचार करावा. विंडोजच्या नोंदवहींत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्यें, अशा वेळीं 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सांपडते. ती पाहून पॉवर सप्लाय बिघडला असें कित्येक जण ठरवून टाकतात. परंतु त्या नोंदीचा अर्थ इतकाच कीं, यंत्र रीतसर बंद न होतां थांबलें. कारण तींत नसतें. बाजारांत सर्रास मिळणारा ६०० व्हीए चा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच भार सोसतो. ज्याचें एकटें कार्ड ४५० वॅट मागतें, त्याला असा यूपीएस जोडणें म्हणजे खिल्लारी जोडीचा भार वासरावर टाकणें होय. शिवाय, कार्डाची मागणी सरासरीनें मोजून भागत नाहीं. क्षणाच्या अत्यंत लहान अंशापुरती ती पुष्कळ उसळी मारते. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या प्रमाणांत मोठ्या पॉवर सप्लायनें शंभर मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या नांवाच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अपेक्षा घातली गेली. जुन्या पॉवर सप्लायवर नवें कार्ड बसविलें असेल, तर सरासरी बेरीज जुळूनही तो या उसळीनें बंद पडूं शकतो. सैल बसलेली तार, झिजलेला प्लग आणि एकाच बोर्डावर लावलेली इस्त्री यांचीही पाहणी करावी. या पाहणीस पैसा लागत नाहीं. मात्र पॉवर सप्लायचें झांकण स्वतः उघडूं नये. वीज बंद केल्यावरही आंत घातक विद्युत् सांठलेली असते.

उष्णतेचा विचार आमच्या प्रांतांत विशेष अगत्याचा आहे. यंत्र ठराविक वीज घेत असतां त्याचा आंतला भाग खोलीच्या हवेपेक्षां सुमारें ठराविक अंशांनीं अधिक तापतो. म्हणून पंचवीस अंशांच्या खोलींत जो प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो, तो ४३ अंशांच्या खोलींत त्याच कामास ९३ च्या आसपास जातो. विदर्भांतील वैशाख ज्यांनीं काढला आहे, त्यांस ४३ अंश ही कांहीं अतिशयोक्ति वाटणार नाहीं. लग्नसराईचा भर त्याच दिवसांत, विजेची मागणी त्याच दिवसांत, आणि यंत्राची कसोटीही त्याच दिवसांत ! त्यांत आमचा मुलूख कापसाचा. हंगामांत हवेंत तरंगणारे बारीक तंतू व धूळ पंख्यामागील पत्र्याच्या जाळींत अडकून तेथें घोंगडीसारखा थर बसवितात. आधुनिक प्रोसेसर अति तापला म्हणजे बहुधा आपली गति उतरवितो, लगेच बंद पडत नाहीं. परंतु सभोंवारचे इतर भाग तितके सावध असतातच असें नाहीं. परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद करून जाळी स्वच्छ करावी, बाजूचा पत्रा काढून टेबलावरचा पंखा समोर ठेवावा आणि तेंच काम पुन्हां लावावें. थांबणें नाहींसें झालें, किंवा पुष्कळ उशिरानें आलें, तर उष्णतेचा हात त्यांत आहे असें समजावें.

आतां स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, दोष पाहूं. हा दोष फार कपटी असतो. कारण कोट्यवधि आंकड्यांपैकीं एकच शून्य चुकून एक झालें, तरी त्याचा परिणाम कोठें दिसेल याचा नेम नसतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग नांवाचे गणिती १९४० नंतरच्या दशकांत आपलें काम शनिवार-रविवारीं यंत्रावर लावून जात असत. देखरेखीस माणूस नसल्यामुळें चूक आढळतांच तें यंत्र त्यांचें काम सोडून पुढचें हातीं घेई, आणि सोमवारीं हातीं कांहीं येत नसे. यंत्राला चूक झालेली कळते, तर ती कोठें झाली हेंही कां कळूं नये, या विचारांतून त्यांनीं चूक आपोआप सुधारणारी संकेतपद्धति शोधून काढली व १९५० मध्यें प्रसिद्ध केली. रात्रीचें काम सकाळीं अपुरें सांपडण्याच्या दुःखांतून एवढी विद्या जन्मली ! आज ईसीसी म्हणून जी अधिक किंमतीची रॅम मिळते, तींत याच तत्त्वानें एका अंकाची चूक जागच्याजागीं सुधारली जाते. साध्या रॅममध्यें ही सोय नसते. तेथें दोन उपाय करावे. रॅमची गति कारखान्याच्या मूळ प्रमाणाहून वाढविली असेल तर ती मूळावर आणावी. आणि मेमटेस्टसारखी परीक्षा रात्रभर चालवावी. एकही चूक दिसली तर एकएक पट्टी काढून पुन्हां परीक्षा घ्यावी, म्हणजे अपराधी पट्टी सांपडेल.

यंत्रानें दाखविलेला निरोप आणि खरें कारण यांत किती अंतर असूं शकतें, याचें अलीकडील जगप्रसिद्ध उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. इंटेल कंपनीचे तेराव्या पिढीचे प्रोसेसर २०२२ मध्यें व चौदाव्या पिढीचे २०२३ मध्यें निघाले. त्यांतील वरच्या प्रतीचे प्रोसेसर वापरणाऱ्या कित्येकांस खेळ उघडतांना ग्राफिक्स कार्डाची स्मृति संपली, असा निरोप दिसूं लागला. कार्डें मोठीं, स्मृति भरपूर. तरी निरोप तोच. पुष्कळांचा संशय साहजिकच कार्डावर गेला. वास्तविक दोष प्रोसेसरांत होता. दाबून ठेवलेली माहिती उलगडतांना तो चुकीचें उत्तर देई. तें उत्तर पुढें गेल्यावर कार्यक्रमाचा हिशेब बिघडे, आणि त्यास सुचे तें कारण तो पडद्यावर लिही. २०२४ च्या जुलैमध्यें इंटेलनें मान्य केलें कीं, प्रोसेसरच्या आंतील मायक्रोकोड वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्यें सुधारलेला मायक्रोकोड देण्यास आरंभ झाला. सप्टेंबरांत कंपनीनें मूळ कारणाचा उलगडा केला : अधिक व्होल्टेज व उष्णता यांमुळें प्रोसेसरमधील काळगति वाहून नेणारी एक मंडलरचना अकालीं जीर्ण होत असे. नव्या मायक्रोकोडनें पुढची झीज टळते, पण झालेली झीज भरून निघत नाहीं. म्हणून कंपनीनें अशा प्रोसेसरांची हमीही दोन वर्षांनीं वाढविली. ज्यांनीं पडद्यावरच्या निरोपावर विसंबून नवें कार्ड घेतलें असेल, त्यांचा पैसा गेला आणि दुखणें राहिलें. यंत्राचा निरोप ही साक्ष आहे, निकाल नव्हे. पडलेला मनुष्य कोठें पडला हें सांगतो. त्याला कोणी ढकललें हें त्यानें पाहिलेलें असतेंच असें नाहीं.

मग साक्षीची उलटतपासणी कशी करावी ? येथें ब्लेंडरसारख्या विनामूल्य कार्यक्रमाचा चांगला उपयोग होतो. त्यांत तोच देखावा एकदां केवळ प्रोसेसरवर व एकदां केवळ ग्राफिक्स कार्डावर रेंडर करितां येतो. कार्डाला काम न देतांही यंत्र थांबलें, तर कार्डावरचा संशय पुष्कळ कमी होतो. उलट, प्रोसेसरवर रात्र निर्विघ्न गेली आणि कार्डावर तासाभरांत घात झाला, तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा त्याचा वीजपुरवठा यांकडे पाहावें. कार्डाची वीज शेंकडा सत्तरांवर मर्यादित करूनही पाहावें. तेवढ्यानें यंत्र स्थिर झालें, तर वीज किंवा उष्णता यांचा संबंध दिसून येतो. प्रोसेसरची गति थोडी उतरविल्यानें स्थैर्य आलें, तर प्रोसेसरवर नजर ठेवावी. या साऱ्या परीक्षांना वेळ लागतो, पैसा लागत नाहीं.

परंतु एक नियम मोडला तर या साऱ्या परीक्षा व्यर्थ होत : एका वेळीं एकच बदल करावा. ड्रायव्हर बदलला, रॅम हलविली, पंखा लावला आणि रात्र सुरळीत गेली, तर गुण कोणाचा ? उद्यां दोष परत आला म्हणजे आपण पुन्हां पहिल्या पायरीवरच. दुसरें असें कीं, एका चांगल्या रात्रीवर विश्वासूं नये. समजा, यंत्र सरासरीनें तीन रात्रींतून एकदां बंद पडतें. कांहींही न बदलतां एक रात्र चांगली जाण्याचा संभव दोन-तृतीयांश आहे. सलग तीन रात्री चांगल्या जाण्याचा संभव ८/२७, म्हणजे शेंकडा तीस इतका राहतो. सलग आठ रात्री गेल्यावर मात्र तो शेंकडा चारांपर्यंत उतरतो. म्हणून तीन रात्रींच्या शांततेवरून दोष गेला असें म्हणणें घाईचें होईल. शितावरून भाताची परीक्षा होते खरी; पण जो दोष कधीं येतो, कधीं येत नाहीं, त्याची परीक्षा एका शितावर होत नाहीं.

यासाठीं एक साधी वही करावी. तींत तारीख, खोलीचें उष्णमान, कोणतें काम लावलें, कितव्या चित्रावर यंत्र थांबलें, निरोप काय आला, आणि त्या दिवशीं कोणता एकच बदल केला, एवढे रकाने असावे. वही आठवडाभर भरली, तर पुष्कळदां उत्तर त्या रकान्यांतच दिसूं लागतें : घात दुपारींच होतो, रात्रीं नाहीं, किंवा शेजारची पिठाची गिरणी चालू असतांनाच होतो. नांदेडच्या किंवा नागपुरच्या कारागिराकडे यंत्र नेण्याची वेळ आलीच, तर ही वही सोबत न्यावी. 'कधींकधीं बंद पडतें' एवढेंच सांगणाऱ्यापेक्षां वही दाखविणाऱ्याचें काम लवकर होतें, आणि नको असलेला भाग त्याच्या गळ्यांत घालणेंही कठीण जातें.

दोष सांपडेपर्यंत धंदा बंद ठेवणें कोणासही परवडत नाहीं. म्हणून रेंडरिंग एकाच मोठ्या चित्रपटाच्या रूपानें न लावतां सुट्या चित्रांच्या मालिकेच्या रूपानें लावावें. सलग चित्रपट तेराशेंव्या चित्रावर तुटला, तर बहुधा सारी फाइल निरुपयोगी होते. मालिका तुटली, तर एकच चित्र जातें व काम त्याच्या पुढून चालू करितां येतें. गिऱ्हाइकास दिलेली मुदत या एका सवयीनें पुष्कळदां राखली जाते. मूळ देखाव्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असावी, हें निराळें सांगावयास नको.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें या धंद्यांत पडतील. कांहींच्या घरीं थोरला भाऊ आजच त्यांत असेल. बलवान् यंत्र विकत घेणें पैशाचें काम आहे; तें बलवान् ठेवणें निरीक्षणाचें काम आहे, आणि निरीक्षणास वही, पेन्सिल व धीर यांपलीकडे भांडवल लागत नाहीं. यंदाच्या वैशाखांत कोणाचें यंत्र मध्यरात्रीं थांबलें, तर त्यानें प्रथम दुकान न गांठतां वहीचें पहिलें पान उघडावें.